डॅन्यूबपासून डिंभ्यापर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. दवाखान्यातील दुपारची गर्दी ओसरली होती आणि माझ्याकडे अनेक वर्षे नियमित येणारे एक जोडपे समोर येऊन बसले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकांचे वय ७६, मधुमेह जुना, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. काकू ७२ वर्षांच्या. रक्तदाब आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. काकांनी पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने आईवडिलांसाठी सप्टेंबरात डॅन्यूब नदीवरील आठ दिवसांची जहाजसफर ठरवली होती. पुस्तिकेत डोंगरमाथ्यावरचे किल्ले होते, उतारावरचे द्राक्षमळे होते, जुन्या गावांतील दगडी गल्ल्या होत्या. "जाऊ का, डॉक्टर?" काकांनी विचारले.

वाचकहो, खरे सांगतो, 'नको' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. वयस्कर रुग्णाला 'नको' म्हणणे आम्हां डॉक्टरांना फार सोपे जाते. त्यात आमचे काही जात नाही. जाते ते रुग्णाचे. काकूंना मी पूर्वी एकदा असेच 'नको' म्हटले होते, ते मला त्या क्षणी आठवलेही नाही. त्याकडे पुढे येतोच. त्या दिवशी मात्र मी पुस्तिका उघडली आणि पाने उलटू लागलो.

फिरते घर

युरोपातील नदीसफरी ज्येष्ठांमध्ये लोकप्रिय का आहेत, हे ती पाने पाहताना लक्षात आले. नेहमीच्या सहलीत माणूस गावोगाव हिंडतो. रोज नवे हॉटेल, रोज बॅग भरणे, रोज पहाटे उठून बस पकडणे. नदीवरच्या जहाजात खोली एकच असते. बॅग एकदाच उघडायची. रात्री आपण झोपलेले असताना जहाज पुढे सरकते आणि सकाळी खिडकीत नवे गाव उभे असते. औषधे एकाच कप्प्यात, न्हाणीघर ओळखीचे, जेवणाची वेळ ठरलेली. मधुमेही आणि विसरभोळ्या माणसाला याहून सोयीचा प्रवास सहसा मिळत नाही.

शिवाय प्रेक्षणीय स्थळे काठावरच असतात. ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्स या गावांच्या दरम्यान डॅन्यूबचे वाखाउ नावाचे खोरे आहे. दोन्ही अंगांना दगडी बांधांच्या पायऱ्या रचून द्राक्षे लावली आहेत. २०००मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. याच खोऱ्यात ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला आहे. धर्मयुद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२च्या अखेरीस पकडला गेला, तेव्हा त्याला येथे डांबले होते. जर्मनीतील ऱ्हाइन नदीवर बिंगेन ते कोब्लेंझ या सुमारे ६५ किलोमीटरांच्या पट्ट्यात तर चाळीसेक किल्ले आणि गढ्या नदीतूनच दिसतात. गुडघे दुखणारा प्रवासी खुर्चीत बसून राहतो आणि किल्ले एकामागून एक त्याच्या समोरून जातात.

पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी

अशा सफरीचा विचार आपण आपल्या आईवडिलांसाठी करत असाल, तर पुस्तिकेत ठळकपणे न छापलेल्या काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

समुद्रावरील मोठ्या जहाजांत सहसा डॉक्टर असतो. नदीवरील लहान जहाजांत बहुधा नसतो. गरज पडल्यास जवळच्या गावातून मदत बोलावली जाते. जहाजात लिफ्ट असली तरी ती सर्व मजल्यांवर जातेच असे नाही. धक्क्यावर कधी दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून उभी राहतात. मग आपल्या जहाजात जाण्यासाठी दुसऱ्याच्या जहाजातून, उंबरे ओलांडत जावे लागते. जुन्या गावांतील गल्ल्या गोट्यांच्या असतात, त्यावर काठी घसरते. पावसाअभावी नदी आटली किंवा पूर आला, तर जहाज अडते आणि उरलेला प्रवास बसने करावा लागतो. २०१८ आणि २०२२च्या उन्हाळ्यांत ऱ्हाइनचे पाणी असेच खाली गेले होते.

विम्याविषयी दोन शब्द. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. तो काढला म्हणजे काम झाले असे समजू नये. अनेक पॉलिसींत आधीपासून असलेला आजार वगळलेला असतो. हृदयविकार आणि मधुमेह अर्जात प्रामाणिकपणे लिहून, ते आजार संरक्षणात आहेत का, हे लेखी विचारावे. मुले परदेशात असली की कागदपत्रे तीच भरतात आणि वडिलांचा आजार 'किरकोळ' म्हणून राहून जातो.

काकांच्या बाबतीत मी हृदयरोगतज्ज्ञांचे मत मागवले. घरी एक साधी चाचणीही करायला सांगितली. नेहमीच्या चालीने दोन मजले न थांबता चढता येतात का? छातीत दडपण येते का? धाप एवढी लागते का की बोलता येऊ नये? ही चाचणी तपासणीची जागा घेत नाही, परंतु हृदयाच्या तयारीचा बराच अंदाज देते. पहिल्या दिवशी काका दीड मजल्यावर थांबले. पुढील तीन महिने त्यांनी रोज सकाळी चालण्याचा सराव केला आणि ऑगस्टात दोन मजले सहज चढले. काकूंनी खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्याचे, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम केले. तिकिटाइतकाच हा सराव महत्त्वाचा होता, हे मी त्यांना पुनःपुन्हा सांगत राहिलो.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. ती कोणत्याही लांबच्या प्रवासाला उपयोगी पडेल. फ्लू आणि न्यूमोनियाची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. औषधे पुरून आठवडाभर उरतील इतकी, मूळ वेष्टनांत आणि चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटातील सामानात कधीही देऊ नये; तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. मध्य युरोपचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विमानात दर तासा-दीड तासाने उठावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे; तासन्‌तास बसून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. जहाजात उलट्या-जुलाबांची साथ पटकन पसरते. त्यातील काही विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही, म्हणून हात साबणाने धुवावेत.

'खाली कुणाचं गाव तर नसेल?'

ऑक्टोबरात दोघे सुखरूप परतले. काकांनी मोबाइलवर फोटो दाखवले. ड्यूर्नश्टाइनचा किल्ला त्यांनी डेकवरूनच पाहिला होता. वर चढण्याचा मोह आवरला होता, याचे त्यांना कौतुक हवे होते. ते मी भरभरून केले. मग काकूंना विचारले, "तुम्हांला काय आवडलं?"

"सगळंच छान होतं," त्या म्हणाल्या. "पण रोज सकाळी खिडकीतून पाणीच पाणी दिसायचं. आणि मला वाटायचं, याच्या खाली कुणाचं गाव तर नसेल?"

मला क्षणभर अर्थ लागला नाही. मग लागला. काकू मूळच्या आंबेगावच्या. आपल्या तालुक्याचे नाव आंबेगाव असले, तरी तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. कारण ज्या गावावरून ते नाव पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे होऊन १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत बलिदान देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. धरणाच्या पाण्यावर खालच्या अंगाची शेती हिरवी झाली, हे खरे आहे. त्यासाठी ज्यांची घरे गेली, ती माणसे आज सत्तरीत आहेत आणि माझ्यासारख्या डॉक्टरांकडे गुडघे दाखवायला येतात, हेही खरे आहे.

"मी तुम्हांला विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "डिंभ्याला जाऊन पाणी बघून येऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात, कशाला उगाच दगदग? रस्ता वळणाचा आहे, त्रास होईल मनाला."

तेव्हा मला ते आठवले. मंचरहून डिंभे साधारण पंचवीस किलोमीटरांवर. मी त्यांना डॅन्यूबवर जाऊ दिले होते आणि पंचवीस किलोमीटरांवरच्या घरी जाऊ दिले नव्हते. डॅन्यूबसाठी चार महिने तयारी करून घेतली, कारण तो 'प्रवास' होता. डिंभ्यासाठी एका वाक्यात नकार दिला, कारण तो मला प्रवास वाटलाच नाही.

त्याच दिवशी आम्ही ठरवले: फेब्रुवारीत आपल्याच नद्यांची सफर करायची आणि ती डॅन्यूबच्या नियमांनी करायची. नियम तीनच होते. मुक्काम एकाच ठिकाणी. दिवसात एकच मोठे स्थळ. आणि प्रत्येक किल्ला चढलाच पाहिजे असे नाही. तो पाहिला तरी पुरे.

कुकडीच्या काठाने

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत जातात. कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्या त्यांना पाणी देतात. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे येथेच आहेत. म्हणजे नदी आहे, तिच्या दोन्ही अंगांना शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, नारायणगड असे किल्ले आहेत, आणि सपाटीला द्राक्षबागा आहेत. आपल्याकडे जहाज नाही. त्याचे काम मोटार करते. तिच्या काचा खाली घेता येतात, हा आणखी एक फायदा.

पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर, आणि तेथून जुन्नर पंधरा किलोमीटरांच्या आसपास. काका-काकूंनी पुण्याहून आलेल्या लेकीबरोबर नारायणगावाजवळ तीन रात्रींचा मुक्काम केला. खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली आणि न्हाणीघरात धरायला दांडा असलेली हवी, ही अट लेकीने फोनवरच घातली. आपणही घाला. मागितल्याशिवाय ही सोय सहसा मिळत नाही.

पहिल्या दिवशी ओझर. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे हे मंदिर कुकडीकाठी, येडगाव धरणाच्या फुगवट्यालगत आहे. चढण नाही, अंगण प्रशस्त, बसायला जागा भरपूर. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकल्यानंतर या मंदिराच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला, असे सांगतात. चतुर्थी, माघी गणेशजयंती आणि सुट्टीचे दिवस मात्र टाळावेत. रांगेत तासभर उभे राहणे हे दोन मजले चढण्यापेक्षा वाईट. बराच वेळ एका जागी उभे राहिल्याने रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून नाणेघाटाचा रस्ता. माझ्या मते ज्येष्ठांसाठी जिल्ह्यातला हा सर्वांत देखणा रस्ता आहे, कारण येथे पाहण्यासारखे बहुतेक सारे गाडीतून दिसते. माणिकडोहचे पाणी बराच वेळ सोबत करते. चावंडचा कातळमाथा समोर येतो, बाजूला सरतो, पुन्हा दिसतो. पूर गावात कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्यावरील कोरीव काम पाहण्यासाठी फारसे चालावे लागत नाही. पुढे घाटमाथ्यापर्यंत गाडी जाते. समोर कोकण, शेजारी जीवधनचा कडा.

या घाटातून सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल जुन्नरला चढत असे. वाटेतील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद असून भारतातील अंकलेखनाचा तो फार जुना पुरावा मानला जातो. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात जमा करण्यासाठी तो होता असे सांगतात. लेण्यापर्यंत उतरण्याची वाट दगडांची आहे, म्हणून काकू रांजणापाशीच बसल्या. तेथे वारा जोराचा असतो. टोपी, पाठीला उबदार वस्त्र आणि कड्यापासून अंतर, या तीन गोष्टी सांभाळाव्यात. पावसाळ्यात धुके आणि निसरड असते, तेव्हा ज्येष्ठांनी हा बेत करू नये.

युरोप पाहून आलेल्या काकांना मी जुन्नरची एक गोष्ट मुद्दाम सांगितली होती. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांतील काही लेखांत दान देणारे स्वतःला 'यवन' म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनशाळा दिली. ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेली ही माणसे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे आणि कल्याणचाही उल्लेख आहे. किल्ले पाहायला आपण युरोपात जातो. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची माणसे आपल्या गावी येऊन, पाण्याची टाकी खोदवून गेली.

शिवनेरी : किती चढायचे?

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीमहाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, तो पाहण्याची इच्छा कोणाला नसते? गाडी पायथ्याच्या पायऱ्यांपर्यंत जाते. पुढे बांधीव वाट आणि एकामागून एक सात दरवाजे. या दरवाजांचा आपल्याला वेगळाच उपयोग आहे: प्रत्येक दरवाजा हा थांबून स्वतःला विचारण्याचा टप्पा समजावा. आत्ता बोलता येते आहे का? छातीत, जबड्यात, डाव्या हातात जडपणा आहे का? गुडघ्याला उतरण्याइतकी ताकद शिल्लक आहे का? यांतील एकाचेही उत्तर मनासारखे नसेल, तर तो दरवाजा हाच आपला गड. शिवाई देवीचे मंदिर वाटेवर आहे. तेथपर्यंत जाऊन परतणाऱ्याची यात्रा अपुरी राहत नाही.

गुडघेदुखीच्या रुग्णांनी एक सूत्र लक्षात ठेवावे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढणे हृदयाची परीक्षा घेते, उतरणे गुडघ्यांची. म्हणून अर्धी ताकद उतरण्यासाठी राखावी. सकाळी आठच्या आत सुरुवात करावी. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. धूर, फटाके आणि उग्र अत्तर टाळावे. शिवजयंतीच्या आगेमागे गर्दी अफाट असते, तेव्हा ज्येष्ठांनी दुसरा आठवडा निवडावा.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा अष्टविनायकांपैकी डोंगरातील लेण्यात असलेला एकमेव गणपती. एकही खांब नसलेल्या विशाल दालनात तो आहे. तेथवर जाण्यास जवळपास तीनशे पायऱ्या आहेत. डोलीची सोय असते. डोलीत बसायला अनेकांना संकोच वाटतो. मी म्हणतो, डॅन्यूबवर जहाजात बसताना संकोच वाटला नाही, मग येथे का वाटावा? वाटेत माकडे आहेत. खाऊची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नये.

काका मजल दरमजल शिवाई देवीपर्यंत गेले. काकू पायथ्याशी सावलीत बसल्या. लेकीने आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या मला पाण्यापर्यंत उतरायचंय. आज गुडघे खर्चायचे नाहीत." स्वतःच्या ताकदीचा असा हिशेब करणारा रुग्ण मी क्वचितच पाहिला आहे.

द्राक्षे आणि वाइन

जुन्नर-नारायणगाव परिसर काळ्या, टपोऱ्या जम्बो द्राक्षांसाठी ओळखला जातो. जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत हंगाम असतो आणि काही शेतकरी पाहुण्यांना बागेत नेतात. मधुमेहींनी द्राक्षे खावीतच नाहीत असे नाही. एका वेळी दहा-बारा, आणि जेवणावर लगेच नव्हे तर मधल्या वेळी. त्या दिवशी इतर गोड बंद. रस पिऊ नये, तो साखर झपाट्याने वाढवतो. बागेत तोडलेले द्राक्ष तसेच तोंडात टाकू नये. फवारणीचे अवशेष असू शकतात, म्हणून वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्यावे.

वाइनचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९८०च्या दशकात नारायणगावात फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन तयार होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशीही गेली. पुढे ती कंपनी अडचणीत येऊन बंद झाली. युरोपातील सफरीत मात्र वाइन चाखण्याचे कार्यक्रम असतातच, आणि 'थोडी वाइन हृदयाला चांगली' हे वाक्य काकांनीही मला ऐकवले. वाचकहो, प्रकृतीसाठी म्हणून कोणीही मद्य सुरू करू नये. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केले आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर मद्याने अचानक उतरू शकते. झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या आणि मद्य यांचे जमत नाही. आणि म्हातारपणी एक पेलासुद्धा तोल घालवून खुब्याचे हाड मोडायला पुरेसा होतो. काकांनी डॅन्यूबवर पेला हातात घेऊन फोटो काढला आणि आत द्राक्षाचा रस होता, असे ते शपथेवर सांगतात. त्या रसाबद्दल मी त्यांना वेगळे बोललो.

जेवणाचे म्हणाल, तर या भागाची मासवडी आणि बाजरीची भाकरी चुकवू नये. रस्सा झणझणीत आणि तेलकट असतो. रक्तदाब आणि आम्लपित्त असणाऱ्यांनी वड्या खाव्यात, रस्सा चवीपुरता घ्यावा.

सोबत करणाऱ्यांसाठी

लेकी, सुना, मुले यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे बंद करतात; त्यातून चक्कर, बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग होतो. म्हणून थांबे आधी ठरवा आणि ते त्यांना सांगा. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी स्वतःच्या मनाने टाळू देऊ नका. तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. मधुमेहींच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती बॅगेत नको, अंगावर हवी. ती बसूनच घ्यावी, आणि पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर १०८ क्रमांकावर फोन करावा. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये, तर मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मुक्कामापासून जवळचे कोणते, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

या भागात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडल्यावर वृद्धांना एकट्याने अंगणात बसू देऊ नका. बाहेर जाताना सोबत आणि विजेरी असावी.

आणि शेवटचे, तुमच्यासाठी. दुपारी दोन तास सर्वांनीच विश्रांती घ्यायची. सांभाळणारा थकला की चिडतो आणि त्याची चिडचीड म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यापेक्षा जास्त दुखते.

डिंभ्याचे पाणी

चौथ्या दिवशी, रविवारी, मीही माझी गाडी घेऊन घोडेगावात त्यांना भेटलो. शिनोली मागे पडले, धरण आले, आणि भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून निळे पाणी दिसू लागले. काकू काचेशी बसल्या होत्या. मी त्यांचा रक्तदाब निघण्यापूर्वी मोजला होता. आता मोजण्याचे मनात आले, पण तसाच बसून राहिलो.

काठाकडे उतरणारी एक सोपी पायवाट पाहून आम्ही थांबलो. लेकीचा एक हात, काठीचा दुसरा, दुखरा पाय आधी. असे करत त्या खाली गेल्या. बरोबर आणलेली घडीची खुर्ची मांडली. पाणी संथ होते. गावाची कोणतीही खूण दिसत नव्हती. परंतु डोंगरांच्या ओळी बदललेल्या नव्हत्या. काकूंनी डोंगर लावले, एकेक नाव घेतले, मग पाण्यावर बोट ठेवल्यासारखे करून म्हणाल्या, "ही पेठ. हे आमचं दुकान. इथून नदीवर जायची वाट." लेकीने ते पूर्वी कधीच ऐकले नव्हते. तिने मोबाइल काढला आणि आईचे बोलणे ध्वनिमुद्रित करू लागली. बाजारचा दिवस, पुराची रात्र, सामान हलवताना मागे राहिलेले जाते. तासभर त्या बोलत होत्या. दोनदा रडल्या. मला भीती वाटत होती तो त्रास हाच, आणि तो झाला. परतताना गाडीत त्यांना गाढ झोप लागली.

त्यानंतर त्यांचे गुडघे बरे झाले नाहीत, रक्तदाबाची गोळीही तीच आहे. मात्र महिन्यातून एकदा तपासणीला येताना त्या आता एखादी जुनी गोष्ट सोबत आणतात. लेक ती वहीत उतरवून ठेवते आहे.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना या आठवड्यात एक प्रश्न विचारा: कुठे जायचे राहिले आहे? उत्तर डॅन्यूब असेल तर तयारीला लागा, चार महिने हाताशी ठेवा. उत्तर पंचवीस किलोमीटरांवरचे असेल, तर तेवढीच तयारी करा. औषधे, काठी, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली. आणि आपल्या डॉक्टरांकडे जाऊन 'जाऊ का?' असे विचारू नका. 'कसे जाऊ?' असे विचारा. मलाही तसेच विचारायला हवे होते, असे काकू आता मला हसून सांगतात.